दीडच्या सहा तऱ्हा

पाचवीच्या गणितात दशांश अपूर्णांकांचा धडा येतो, तेव्हा पुस्तकाचा असा प्रामाणिक समज असतो की मुलाची आणि त्या टिंबाची ही पहिलीच भेट आहे. बाई फळ्यावर एक पट्टी काढतात, तिचे दहा सारखे भाग करतात, एक भाग रंगवतात आणि याला ०.१ म्हणायचं असं सांगतात. वर्ग मान डोलावतो. पण दहा वर्षांच्या पोरानं तोवर हे टिंब वाण्याच्या काट्यावर, टीव्हीवरच्या धावफलकावर, एसटीच्या वेळापत्रकात आणि घरच्या जमिनीच्या कागदावर कितीतरी वेळा पाहिलेलं असतं. त्याबद्दल त्याची मतंही पक्की झालेली असतात. अडचण एवढीच, की ती मतं बनवताना पाचवीच्या पुस्तकाला कुणी विचारलेलं नसतं.

साधा 'दीड' घ्या. दुपारी दीडची एसटी फलकावर १.३० अशी लिहिलेली असते. गल्लीतल्या सामन्यात दीड षटक टाकून झालं, म्हणजे नऊ चेंडू पडले, की वहीत १.३ लिहितात. काकांच्या वाट्याला दीड एकर आलं, तर एकराचे गुंठे चाळीस, म्हणून कागदावर येतं १.२०, कुणी मध्ये आडवी रेघ देतं, कुणी टिंब. सुतारानं दीड फुटाची फळी मोजली तर तो पेन्सिलीनं भिंतीवर १.६ लिहितो, कारण फुटाचे इंच बारा. दीड रुपया १.५० होतो (दीड रुपयात बाजारात आता काही येत नाही, गणिताच्या पुस्तकात मात्र खोडरबर येतं). आणि दीड किलो कांदे इलेक्ट्रॉनिक काट्यावर १.५०० दिसतात.

म्हणजे एकच दीड आणि त्याच्या सहा तऱ्हा. यांपैकी बाईंच्या १.५ शी ज्यांचं जमतं असे दोघेच, रुपया आणि किलो. बाकीचे चौघे भावकीतले असले तरी बोलणं बंद असलेले. शिवाय बाईंचा १.५ या चौघांच्या घरी नेऊन पाहावा. क्रिकेटमध्ये तो अकरा चेंडू होतो, म्हणजे दोन षटकांना एक चेंडू कमी. सुताराकडे सतरा इंच होतो. एसटीच्या फलकावर तो एक वाजून पाच मिनिटं होतो आणि गाडी चुकवतो.

या सगळ्या व्यवहारांतून मूल एक नियम शिकलेलं असतं आणि तो नियम अगदी शहाणपणाचा असतो. टिंब म्हणजे कुंपण. कुंपणाच्या अलीकडे मोठं माप, पलीकडे लहान माप. अलीकडे रुपये, पलीकडे पैसे. अलीकडे षटकं, पलीकडे चेंडू. दोन्हीकडे सरळ पूर्ण संख्या, कुठेही काही अपूर्ण नाही. म्हणून काट्यावर १.२०० आले की गिऱ्हाईक आणि वाणी दोघंही 'एक-दोनशे' म्हणतात आणि पैसे बरोबर दिले-घेतले जातात. या नियमानं आयुष्य सुरळीत चाललेलं असतं.

मग एके दिवशी बाई विचारतात, ३.१५ आणि ३.४ यांत मोठी संख्या कोणती?

अर्ध्याहून अधिक वर्ग एका सुरात ओरडतो, "तीन पॉइंट पंधरा!" बाई कारण विचारतात. पुढच्या बाकावरचा एक हुशार पोरगा उभा राहून बाईंनाच समजावतो, "बाई, पंधरा मोठे की चार?" यावर बाई तीन पूर्णांक पंधरा शतांश, तीन पूर्णांक चार दशांश, चार दशांश म्हणजे चाळीस शतांश असं सगळं शांतपणे मांडतात. वर्गाला ते पटतं, पण पाहुण्यांचं बोलणं पटावं तितपतच. पाहुणे गेले की घरात पुन्हा आपल्या पद्धतीनं.

गंमत अशी, की याच वर्गात दुधाचा धंदा असलेल्या घरची दोन-चार मुलं असतात. ती संध्याकाळी किटली घेऊन डेअरीवर जातात आणि छापील चिठ्ठी घेऊन येतात. गायीच्या दुधाचा दर ठरतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून. फॅट ३.४ लागली तर लिटरमागे किती कापले जातात, हे या मुलांना तोंडपाठ असतं. वडील चिठ्ठी बघून डेअरीवाल्याबद्दल काय बोलतात, हेही तोंडपाठ असतं. एक दशांश म्हणजे काय, याची इतकी झणझणीत जाण ज्या मुलाला आहे, तेच मूल शाळेत ३.१५ ला मोठं ठरवतं. कारण चिठ्ठीवर टिंबानंतर बहुधा एकच आकडा असतो. ३.१५ फॅटचं दूध त्यानं कधी पाहिलेलंच नाही. एकाच घरातल्या आकड्यांत फूट पाडायची, तर टिंबानंतरच्या घरांची संख्या कमी-जास्त करावी लागते, आणि ती युक्ती फक्त गणिताच्या पुस्तकालाच सुचते.

मोठ्या माणसांचं काय, तर त्यांचा खरा दशांश अपूर्णांक लग्नाच्या बायोडेटात सापडतो. उंची ५.९, उंची ५.१०. यातला दुसरा मुलगा इंचभर उंच आहे, हे मुलीच्या आत्याला चष्मा न लावता कळतं. पाचवीच्या पुस्तकाप्रमाणे मात्र ५.१० म्हणजे ५.१, आणि तो ५.९ च्या खांद्याशीही पोचत नाही. ५.११ चा मुलगाही त्याच रांगेत. गणिताच्या बाईंनी स्वतःच्या मुलाचा बायोडेटा लिहिला, तरी त्या ५.१०च लिहितील. ५.८३ लिहिण्याची हिंमत त्यांना होणार नाही, आणि झालीच तर समोरून फोन येणार नाही.

आणि या बाबतीत खुद्द गणिताचं पुस्तकही धुतल्या तांदळासारखं नाही. दहावीची भूमिती उघडून बघावी. आकृती ३.९ नंतर येते आकृती ३.१०. पाचवीत ज्या प्रकाशकानं ३.१० आणि ३.१ सारखेच असं शिकवलं, त्याच बालभारतीच्या पुस्तकात पाच वर्षांनी त्या दोन निरनिराळ्या आकृत्या होतात आणि त्यांच्यामध्ये आठ आकृत्या बसतात. सातबाऱ्याची तर वेगळीच ऐट. त्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं आणि ते १.२०.५० असं लिहितात. एका आकड्यात दोन टिंबं! हे दुसरं टिंब वाचायला कोणत्याच इयत्तेत शिकवत नाहीत. ते तलाठ्याकडेच शिकावं लागतं.

क्रिकेटमुळे होणारं नुकसान मोजताही येतं. संघानं १९.५ षटकांत १५८ धावा केल्या, तर धावगती किती? कॅल्क्युलेटरवर १५८ भागिले १९.५ केलं की उत्तर येतं ८.१०. पण षटकं झालीत एकोणीस आणि पाच षष्ठांश, म्हणजे १९.८३, आणि खरी धावगती ७.९७. स्पर्धेच्या गुणतक्त्यात एवढ्या फरकावर संघ घरी जातात. टीव्हीसमोर बसून निव्वळ धावगतीचा हिशेब मांडणारे किती काका हे टिंब जसंच्या तसं कॅल्क्युलेटरमध्ये घालतात, याची पाहणी कुणी केलेली नाही ते बरंच आहे.

मुलांची मात्र पाहणी झाली आहे. मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि विकी स्टाइनली यांनी मुलं दशांश अपूर्णांकांची तुलना करताना नेमकं काय मनात धरतात, याचं बारकाईनं वर्गीकरण केलं. त्यात एक पंथ निघाला 'लांब तो मोठा' मानणारा, आपला ३.१५वाला. दुसरा निघाला त्याच्या बरोबर उलटा, 'आखूड तो मोठा' मानणारा. हा दुसरा पंथ जास्त करुण आहे. या मुलांनी बाईंचं नीट ऐकलेलं असतं. शतांश हा दशांशापेक्षा लहान, हे त्यांनी मनावर घेतलेलं असतं. मग ०.७५ शतांशातलं म्हणून लहान आणि ०.४ दशांशातलं म्हणून मोठं. आणि या पंथातलं मूल ३.१५ आणि ३.४ च्या प्रश्नाचं उत्तर बरोबर देतं. बाई खूश होऊन पुढच्या धड्याकडे वळतात.

टिंबाचं हे असं, तर रेघेचं काय? साधे अपूर्णांक मूल याआधीच शिकलेलं असतं, आणि त्यातली अमर चूक म्हणजे १/२ + १/३ = २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. अर्ध्या भाकरीत आणखी तिसरा हिस्सा घातला आणि भाकरी अर्ध्याहूनही कमी झाली. पालक कपाळाला हात लावतात. पण मुलाच्या दप्तरातलं प्रगतिपुस्तक काढून बघावं. चाचणीत १८/२०, सत्र परीक्षेत २२/३०, एकूण ४०/५०. बाईंनी स्वतः, लाल शाईनं, वरचे वर आणि खालचे खाली मिळवले आहेत, खाली मुख्याध्यापकांची सही आहे आणि पालकांचीही आहे. अपूर्णांकांच्या नियमानं बेरीज केली असती तर मुलाला १६३ टक्के पडले असते आणि पेढे वाटावे लागले असते.

बाईंचं बरोबर आहे आणि मुलाचं चूक, हे खरं. गुणपत्रिकेतली रेघ 'पैकी' सांगते आणि दोन निरनिराळ्या परीक्षा एकत्र करते. अपूर्णांकातली रेघ एकाच भाकरीचे तुकडे सांगते. पण हा फरक मुलाला कुणी सांगितलेला नसतो, आणि रेघ तर दोन्हीकडे एकच. शिवाय आजूबाजूला सातबारा आहे, जो अपूर्णांक नसून गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ आहे. १५/८ आहे, जो अंशाधिक अपूर्णांक नसून स्वातंत्र्यदिन आहे. इतक्या रेघांतून मुलानं नेमकी बाईंच्या मनातली रेघ ओळखावी, अशी अपेक्षा आहे.

हे दुःख फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, १२/१३ + ७/८ याचं उत्तर साधारण किती? गणित सोडवायचं नव्हतं, नुसता अंदाज करायचा होता. पर्याय होते १, २, १९, २१ आणि 'माहीत नाही'. दोन्ही अपूर्णांक एकाला टेकलेले, म्हणजे उत्तर २. ते ओळखलं २४ टक्के मुलांनी. २८ टक्क्यांनी १९ निवडलं आणि २७ टक्क्यांनी २१. एकोणीस म्हणजे वरच्यांची बेरीज, एकवीस म्हणजे खालच्यांची.

अशा वेळी घरातले आजोबा हमखास म्हणतात, "आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं पाठ होतं." होतं, यात शंका नाही. सात औटे किती, हे त्यांना आजही झोपेतून उठवून विचारलं तर साडेचोवीस सांगतील. पण आजोबांच्या जगात टिंब नव्हतं. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, शेराची छटाकं सोळा. सगळं निम्म्याचं निम्मं. त्या बाजारात ३/७ अधिक २/५ असं कुणी मागितलं असतं, तर दुकानदारानं आधी तब्येत विचारली असती. पाढे बाजारासाठी होते आणि बाजारापुरते पुरेसे होते. सर्वात महत्त्वाचं म्हणजे आण्याच्या पै बारा असल्यामुळे रुपयाचे तीन सारखे वाटेही व्हायचे: प्रत्येकाला पाच आणे चार पै. आता तिघांत एक रुपया वाटला तर तेहतीस-तेहतीस पैसे येतात आणि उरलेल्या पैशावरून भाऊबंदकी होते.

त्या जगात टिंब आलं ते सरकारी आदेशानं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वासहा पैसे द्यायचे कसे? म्हणून सरकारनं कोष्टक काढलं: एक आणा ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आता कोणत्याही पाचवीच्या मुलाला हे गणित घालावं. एक आण्याची वस्तू तीनदा जाऊन आणली तर अठरा पैसे, आणि तीन आण्यांची एकदम आणली तर एकोणीस. ठोक घेतलं की महाग! दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी त्या काळात या कोष्टकावरून एकमेकांना काय काय ऐकवलं असेल, ते वेगळं सांगायला नको. अपूर्णांकांचा याहून मोठा सराव या देशानं एकदम कधीच केलेला नाही, आणि तोही पहिली-दुसरी शिकलेल्या माणसांनी केला.

सराव कंटाळवाणाच असावा असा काही दंडक नाही, याचा पुरावा मात्र चांगला साडेआठशे वर्षं जुना आहे. भास्कराचार्यांची लीलावती ११५० च्या सुमाराची. चाळीसगावजवळच्या पाटण इथे, त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. म्हणजे ही पुस्तकं खानदेशात रीतसर वर्गात शिकवली जात होती. त्या लीलावतीत अपूर्णांकांच्या गुणाकारावर एक उदाहरण आहे. एका माणसानं याचकाला दान दिलं. किती? एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा पाव भाग. विद्यार्थी घाम गाळून गुणाकार करतो आणि उत्तर येतं १/१२८०. आता द्रम्माचे पण सोळा, पणाच्या काकिणी चार आणि काकिणीच्या कवड्या वीस. सोळा चोक चौसष्ट, चौसष्ट विसा बाराशे ऐंशी. म्हणजे त्या दानशूरानं दिली अख्खी एक कवडी! आणि आचार्य विद्यार्थ्याला विचारतात, की त्या कंजूष माणसानं किती कवड्या दिल्या ते सांग.

पहिल्या वाक्यात थाटाचं दान, शेवटी एक कवडी, आणि मध्ये सहा अपूर्णांकांचा सराव. हा विनोद उदाहरण सोडवल्याशिवाय कळतच नाही. आजच्या सरावसंचात मुलाला एक पिझ्झा मिळतो, त्याचे आठ तुकडे होतात, रमेश तीन खातो, सलमा दोन खाते आणि उरलेल्या तीन तुकड्यांचं काय झालं, याची कुणालाच उत्सुकता वाटत नाही.

शतमान म्हणजे शेकडेवारी सहावीत येते. तिचा सराव शाळेबाहेर सगळ्यात जोरात चालतो. 'पन्नास टक्के सूट, त्यावर आणखी वीस टक्के' अशी पाटी दुकानावर लागली की सत्तर टक्के स्वस्त मिळणार या खुशीत माणसं आत जातात. हजाराची साडी पाचशेवर येते, पाचशेचे वीस टक्के शंभर, साडी पडते चारशेला. सूट साठ टक्के. उरलेले दहा टक्के सहावीच्या वर्गात राहिले. गावाकडे पिकांची पैसेवारी लागते. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती, वर गेली तर काही नाही. म्हणून नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तिन्ही वेळा एकोणपन्नास आणि एक्कावन्न यांतलं अंतर शेतकरी जितक्या पोटतिडकीनं वाचतो, तितकं कुणी वाचत नसेल. त्याला शेकडेवारी म्हणतात हे त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून ती त्याला येते.

शिक्षकांच्या खोलीतही हा धडा कच्चा नसतो. महागाई भत्ता पन्नासवरून त्रेपन्न टक्के झाला, ही वाढ जुलै २०२४ पासून केंद्राच्या कर्मचाऱ्यांना लागू झाली, तेव्हा राज्यातल्या शिक्षकखोल्यांत आपल्याला कधी, थकबाकी किती, हे आकडे चहा निवायच्या आत निघाले. ६०,००० मूळ वेतनावर महिना १,८००. फक्त वर्तमानपत्रांनी 'पगारात तीन टक्के वाढ' असं छापलं की तेवढं चुकतं. मूळ वेतन शंभर धरलं तर भत्त्यासह १५० चे १५३ झाले, म्हणजे वाढ दोनच टक्के. हे खोलीत बोलून दाखवणारा गणिताचा शिक्षक पुढचे काही दिवस डबा एकटाच खातो.

तर पाचवीच्या बाईंना एक विनंती. ३.१५ मोठं असं लिहिणाऱ्या पोराच्या वहीत फुली मारण्याआधी एकदा विचारा, की बाळा, टिंबाच्या पलीकडे तू काय मोजलंस, चेंडू, इंच, गुंठे की पैसे? तो काहीतरी नक्की सांगेल, आणि त्यापुरतं ते बरोबर असेल. मग सांगा, की आपल्या वर्गात टिंबाच्या पलीकडे फक्त दहावे भाग मोजायचे, आणि त्यांचे पुन्हा दहावे भाग. आणि लग्नाळू मुलांच्या आईवडिलांना दुसरी विनंती. बायोडेटात उंची पाच फूट दहा इंच अशी अक्षरात लिहा. तेवढ्यानं कागद काही कमी पडत नाही.